विहीणबाईंचा आठ

सोलापूर स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि ऊन मात्र दुपारी दोनचं होतं. जावई घ्यायला आले होते. माझ्या विहीणबाई, नागमणीताई, कुठे दिसेनात. पाहुण्यांना आणायला त्या नेहमी स्वतः येतात.

"आई सरावाला गेलीय," जावई चाचरत म्हणाले. "उद्या तिची स्कूटरच्या लायसनची परीक्षा आहे. तिसऱ्यांदा."

नागमणीताईंचं वय सदुसष्ट.

पूर्व भागात त्यांचं घर. घरात तेलुगू, दारात मराठी आणि शेजारून यंत्रमागाची अखंड खटखट. जेवायला शेंगांची चटणी आणि कडक भाकरी (पापडासारखी कुरकुरीत, महिनाभर टिकणारी) होती. मी भाकरी मोडायला गेले आणि एक तुकडा उडून जावयांच्या चष्म्यावर आपटला. तेवढ्यात नागमणीताई आल्या. कोपराला हळद लावलेली, चेहऱ्यावर विजय.

"रा, रा (या, या)! बरं झालं आलात. पडले जरा. पर्वालेदु (काही हरकत नाही)."

"पण आधी दोनदा नापास कशा झालात?"

"पयल्यांदा पाय टेकला. दुसऱ्यांदा गाडीनं आठाचा आकडा काढायला गेले, तर शून्य निघालं. साहेब म्हणाले, नापास. म्हटलं, शून्यबी आकडाच हाय की!"

मग भाकरी चुरता चुरता म्हणाल्या, "थोरली बहीण होटगी रोडला ऱ्हाते. अंथरुणात हाय. भेटायला जायचं तर पोराला इचारायचं, नातवाला इचारायचं, मोकळा हाईस का रे? लई इचारलं आयुष्यभर. आता बास."

संध्याकाळी मला मैदानावर नेलं. मला वाटलं, कौतुक करायला. तर माझ्यापासून दहा पावलांवर त्यांनी एक पिंप ठेवलं आणि सांगितलं, "ह्या पिंपाला एक वळसा, तुमाला एक वळसा. झाला आठ. तुमी फकस्त उभ्या ऱ्हावा."

पिंपाला भीती नसते. मला होती. स्कूटर गरकन वळून थेट माझ्यावर आली.

"हलू नका! तुमी हलला की माझा आठ बिघडतो!"

मी पर्स छातीशी धरून डोळे मिटले. उघडले तेव्हा माझ्या पायात एकच चप्पल होती. कडेला रिक्षा लावून बसलेले चाचा ओरडले, "अम्मा, गाडी कू नको देखो, रस्ते कू देखो!"

"तुम्ही पडाल हो," मी कळवळून म्हटलं.

"पडते की. मग काय तितंच ऱ्हाते व्हय?"

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या मैदानावर सगळी विशीतली मुलं होती. साहेबांनी कागद पाहिला. "वय सदुसष्ट?"

"व्हय. गाडी दोन वर्षांची हाय. सरासरी काढा की."

साहेब हसले नाहीत, पण मिशी हलली. नागमणीताईंनी पदर खोचला आणि निघाल्या. पहिला वळसा झाला. दुसऱ्याला गाडी कलली. पाय टेकला नाही. आठ पुरा झाला! आणि मग त्या थांबल्याच नाहीत. मैदान ओलांडलं, फाटक ओलांडलं आणि उजवीकडे वळून दिसेनाशा झाल्या.

"अहो, पास आहेत त्या!" साहेब धावत फाटकापर्यंत गेले. "सही राहिलीय!"

फोन लावला तर उचलला नाही. मी जावयांकडून त्यांच्या मावशीचा पत्ता घेतला, रिक्षा केली आणि चालकाला म्हटलं, होटगी रोड. दुसरीकडे कुठे जाणार होत्या त्या?

दारात स्कूटर उभी होती. आत पलंगावर त्यांची बहीण पडलेली, अर्धं अंग लुळं, जीभ मात्र तिखट. मला पाहताच म्हणाली, "तुमी खरं सांगा. ही पास झाली का? लहानपणापासनं निकालाआधीच पेढे वाटते."

"पास झाल्या. मी डोळ्यांनी पाहिलं."

नागमणीताई म्हणाल्या, "मी सांगितलं की अक्काला. पाय टेकला न्हाय. मग थांबून इचारायचं काय?"

अक्काने चालता हात वर केला, धाकटीचा कान धरला आणि दोघी रडायच्या बेतात आल्या. मग अक्का म्हणाली, "हॉर्न वाजवून दाखव."

नागमणीताईंनी खिडकीखाली जाऊन इतका हॉर्न वाजवला की गल्ली गोळा झाली. अक्का पडल्यापडल्या सगळ्यांना सांगत होती, "माझी बहीण आलीय. एकटी!" सहीसाठी आम्ही परत गेलो, तेव्हा साहेब जेवायला बसले होते.

दोन दिवसांनी मी परतले. पुणे स्टेशनवर उतरल्याबरोबर यजमानांचा फोन आला, "तिथेच थांब, मी न्यायला येतो." चाळीस वर्षं मी तिथेच थांबत आले आहे. या वेळी म्हटलं, "नको, मी बसने येते." घर कोथरूडला. रुबाबात बसमध्ये चढले, खिडकी मिळाली. हडपसर आल्यावर कळलं की बस उलट्या दिशेची आहे.

कंडक्टर म्हणाला, "काकू, चुकलात."

"हो," मी म्हटलं, "पण माझी मी चुकले." मला हसू आवरेना. उतरून रस्ता ओलांडला आणि कोणालाही न विचारता पाटी वाचून दुसरी बस धरली.