हृदयाला मंद करणारे तंतू

“बाई, तुमचं हृदय मधेच थांबतं,” वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले. माझी नुकतीच टिल्ट टेबल टेस्ट झाली होती. त्यात पेशंटला टेबलाला पट्ट्यांनी बांधून टेबल उभं करतात आणि ठोके बघतात. मी बांधलेल्या अवस्थेतच बेशुद्ध झाले होते.

तोवर घरी सगळे अशक्तपणा म्हणायचे. वर्ध्याकडच्या जाम गावाजवळ आमची वांगी-टमाट्याची वाडी. भाजी तोडताना घाम फुटायचा, अंधारी यायची आणि मी कोसळायचे. एकदा विळ्यावर पडले, हनुवटी फाटली.

पहिला उपाय पेसमेकर, म्हणजे ठोका चुकला की तो देणारं छातीतलं यंत्र. पण माझं वय कमी. बॅटरी बदलायला जन्मभर चिरफाड. डॉक्टरांनीच मग मुंबईतल्या नव्या उपचाराबद्दल सांगितलं. कॅथेटर अब्लेशन. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन, त्याला मंद करणाऱ्या मज्जातंतूंची टोकं उष्णतेनं जाळायची. “खात्री देत नाही. नाही जमलं तर पेसमेकर आहेच.”

“काऊन आतून जाळून घ्याचं वं?” सासूबाई म्हणाल्या. “मशीन बसव ना.”

“तिच्या जिवाचं हाय, माय. तिलेच ठरवू दे,” आमचे हे म्हणाले.

मी मुंबईला गेले.

टेबलावर गुंगी होती, पण ऐकू येत होतं. मशीनची टिकटिक चालली होती. “आता ठोका मंद होईल,” नळी तंतूला टेकवत तिथले डॉक्टर म्हणाले. टिकटिक लांबली. मग थांबलीच. मला ओरडायचं होतं, जीभ हलेना. बाहेर बाकावर बसलेल्या यांचा चेहरा तेवढा डोळ्यांपुढं आला. आत सोडलेल्या तात्पुरत्या तारेनं ठोके सुरू केले. असं बऱ्याचदा झालं; दर वेळी तिथले तंतू जाळत गेले. शेवटी त्याच जागी नळी टेकवून डॉक्टर शेजारच्याला म्हणाले, “आता मंद होत नाही.”

चक्कर थांबली, पण तंतू जळाल्यानं नाडी जलद झाली; सुरुवातीला तिचीच भीती वाटायची. ती तशीच राहणार, हे कळल्यावर सवय झाली. तंतू परत वाढूही शकतात, तेही मला सांगितलेलं आहे.

वारंवार चक्कर येत असेल तर अशक्तपणा म्हणून बसू नका, ठोके तपासून घ्या. माझा उपाय तुम्हाला लागू पडेलच असं नाही. ते तुमचे डॉक्टर ठरवतील. माझ्या दोन्ही डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

यंदा टमाट्याच्या टोपल्या एसटीत चढवून यांनी पहिल्यांदाच मला एकटीला बाजाराला धाडलं. “सांभाळून जाजो,” म्हणाले, आणि गाडी हलायच्या आधीच वाडीकडं चालू लागले.