कागदावर की कागदावरून?

सेलूत माझं डीटीपीचं दुकान आहे, आणि मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. हळदीची लेबलं त्यामुळेच बिघडली.

जवळच्या गावातल्या एका काकूंनी बचत गटाच्या बायकांना हळद दळून विकायला तयार केलं होतं. वर्ध्याच्या प्रदर्शनात त्यांना पहिल्यांदाच स्टॉल मिळाला होता. "कोनी मिलावटीची म्हटली, तर बाया पुन्हा माह्या मागं येनार नाई," काकू म्हणाल्या. मी स्क्रीनवर लेबल दाखवलं. त्यावरची हळद कशी लखलखीत पिवळी! काकू खूश, मी त्याहून खूश.

फाइल छपाईसाठी बदलून नागपूरच्या प्रेसला पाठवली. स्क्रीनवरचा रंग उजेडाचा, कागदावरचा शाईचा. बदलताना तो मार खातो, हे काय मला माहीत नव्हतं? पण माझ्या स्क्रीनवर छान दिसत होतं ना, मग झालं तर. प्रेसवाल्या दादांनी नमुना काढून फोन केला, "ताई, रंग उतरला."

"उतरला ना? मग छापून टाका."

ते सांगत होते, रंगाचं तेज गेलं. मी समजले, कागदावर झकास उतरला.

गठ्ठा आला तेव्हा काकू दुकानातच होत्या. लेबलावरची हळद पार विटकरी, मळकट. काकू चिडल्या असत्या तर मीही चार शब्द बोलले असते. त्या एवढंच म्हणाल्या, "हे आमची हळद नाई व बाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. काकूंकडून पुडीभर हळद घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नागपूर गाठलं. आता स्क्रीनवर विश्वासच ठेवायचा नाही, असं ठरवलं. नमुना काढायचा, बाहेर उजेडात न्यायचा, त्यावर चिमूटभर हळद ठेवायची. लेबलावरच्या हळदीतली गुलाबी शाई जरा जरा कमी करत गेलो. चौथ्या नमुन्याला दादा म्हणाले, "ताई, आता उतरला."

"कागदावर की कागदावरून?"

दादा हसत सुटले. मला हसू यायला थोडा वेळ लागला.

नवं लेबल काकूंनी दुकानाच्या पायरीवर बसून पाहिलं. पुडी सोडली, चिमूट त्या छापलेल्या हळदीवर ठेवली आणि डोळे बारीक केले.

"काऊन व, दिसून नाई राह्यली?"

मग बोटानं चाचपडून त्यांनी ती शोधली. "आमचीच हाय," म्हणाल्या, आणि बोट पदराला पुसायचंही विसरल्या.