मालनचा प्रार्थनेचा विषय

कळव्याच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला जी भाकर मोडली जायची, ती मालनच्या घरची. भाकर म्हणायची एवढंच. असायची बिनमिठाची, बिनतेलाची गव्हाची पोळी. पहाटे उठून, डोक्यावर पदर घेऊन ती करायची. सहा वर्षांत एकही करपली नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. थोडा गर्वच होता म्हणा. असू दे. बाईकडे मिरवायला दुसरं होतं काय?

त्याआधी ती शीळफाट्याला हातभट्टीची दारू विकायची. नवरा गेलेला, पदरात मुलगी. हे मंडळीला ठाऊक होतं. साक्षीच्या वेळी तिनं उभं राहून सांगितलं, तेव्हा लोकांनी ‘हालेलुया’ म्हणत टाळ्या वाजवल्या होत्या. मंडळीला मापातलं पाप फार आवडतं. मापाबाहेरचं मात्र मालननं पोटातच ठेवलं होतं. तिच्याकडची दारू पिऊन एक माणूस गेला होता. डॉक्टर म्हणाले लिवर, घरचे म्हणाले नशीब. पण त्या दिवशी ज्या डब्यातून त्याला दिली, त्या डब्यातली दारू ज्यांनी ज्यांनी घेतली ते सगळे ओकत होते, हे एकट्या मालनला माहीत. दुसऱ्याच दिवशी तिनं धंदा बंद केला.

मेलेला तो तानाजी. आणि दोन वर्षांपूर्वी त्याची बायको चंद्रभागा ह्याच मंडळीत आली, मालनच्या शेजारी बसू लागली, नवऱ्याची आठवण काढून तिच्याच खांद्यावर रडू लागली. मालन तिचे डोळे पुसायची, आणि घरी गेल्यावर तिला घास गिळवायचा नाही.

शेवटी एका बुधवारी तिनं मन घट्ट केलं आणि पाळकांच्या बायकोकडे गेली.

“आसावरीताई, ह्या रविवारी भाकर टेबलावर ठेवायच्या आधी मी चंद्राला सगळं सांगणारे. माझ्या तोंडानं. तुम्ही फक्त बाजूला उभ्या राहा. तोवर कुणाला बोलू नका.”

आसावरीताईंनी तिचा हात हातात घेऊन प्रार्थना केली. “माझ्या पोटात राहील गं,” म्हणाल्या.

पोटात ते संध्याकाळपर्यंत राहिलं. महिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रार्थनेचा विषय आला: ‘आपली एक भगिनी पूर्वी शीळफाट्याला दारू विकत असे. त्या दारूने तानाजी नावाच्या माणसाचा जीव गेला. ह्या ओझ्यातून तिची सुटका व्हावी म्हणून कळकळीने प्रार्थना करा.’ भगिनीचं नाव तेवढं नव्हतं. शीळफाट्याला दारू विकलेल्या भगिनी मंडळीत होत्या तरी किती? खाली एकवीस ‘आमेन’ होते. चंद्रभागेचा नव्हता.

मालननं ते स्वतः वाचलं, एकेक अक्षर लावत. भर चौकात कुणी अंगावरचं लुगडं फेडावं तसं तिला झालं. तीन दिवस ती चंद्रभागेला फोन लावत राहिली. तिनं उचलला नाही. घरी गेली, तर दार उघडलं नाही.

रविवारी टेबलावर आधीच बेकरीचा पाव ठेवलेला. मालन पोळीचा डबा हातात घेऊन उभीच राहिली.

“तुला त्रास नको म्हणून मागवला गं,” आसावरीताई म्हणाल्या. “आणि मनात काही ठेवू नकोस. आम्ही सगळ्यांनी तुला माफ केलंय.”

“मी तुमचं काय केलं होतं, ताई?”

आसावरीताई पावाची थाळी सरळ करायला लागल्या, तोवर चंद्रभागा समोर येऊन उभी राहिली होती.

“दोन वर्षं माझे डोळे पुसलेस,” ती म्हणाली. “ते ग्रुपवर आलं नसतं, तर मला कधी सांगितलं असतंस?”

“आज. आजच सांगणार होते, चंद्रा. ताईंना विचार. बुधवारी बोललेले मी त्यांना.”

चंद्रभागेनं आसावरीताईंकडे पाहिलं. मालननंही पाहिलं. एक ‘हो’ पुरला असता. पण ‘हो’ म्हणायचं, तर दिलेला शब्द कुणी मोडला तेही एकवीस जणींसमोर म्हणावं लागणार होतं. आसावरीताईंनी गीतांचं पुस्तक उघडलं आणि पहिलं गीत कितवं, ते शोधायला लागल्या.

“आज म्हणे,” चंद्रभागा म्हणाली, आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.