पहिल्या दिवसाचं मत

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, नव्या घड्याळाला शिव्या घालायला बसले की दुपारचं जेवणसुद्धा विसरत. गंमत अशी, की शिव्या सगळ्या आपल्याच लाडक्या कंपनीला. ही कंपनी स्वित्झर्लंडची. तिची तीन घड्याळं मामंजींनी आयुष्यभरात हौसेनं जमवली होती. बोलताना मात्र ती ‘आपली कंपनी’. “आपल्या कंपनीनं यंदा घाण केली,” असं ते इतक्या तळमळीनं म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं कारखाना जालन्याच्या एमआयडीसीतच आहे आणि हे तिथले भागीदार आहेत.

दर उन्हाळ्यात कंपनी नवीन घड्याळं जाहीर करायची. त्या दुपारी आमच्या बैठकीत कूलर लागायचा, टीव्हीला लॅपटॉप जोडला जायचा आणि दोन माणसं न चुकता हजर व्हायची. एक शेटजी, सळईच्या कारखान्याचे मालक. त्यांच्याकडे या कंपनीची डझनभर तरी घड्याळं. दुसरे गुरुजी, पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेतून निवृत्त झालेले. यांच्या मनगटावर लग्नात मिळालेलं चावीचं साधं घड्याळ, पण टीका सगळ्यात कडक यांची. एकदा घड्याळाचा आकार एका मिलिमीटरनं वाढला, तर गुरुजी म्हणाले, “हे हातात घालायचं का भिंतीला टांगायचं?”

मामंजींचा जन्म बियाण्याच्या धंद्यात गेला. कपाशीचं नवं वाण आलं की पहिल्या हंगामात शेतकरी नाक मुरडतात आणि तिसऱ्या हंगामात त्याच पिशवीसाठी पहाटेपासून रांग लावतात, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. घड्याळांचंही तेच होतं. पहिल्या दिवशी ज्याला हसायचं, तेच तिसऱ्या वर्षी दुकानदाराच्या हातापाया पडून मागायचं. म्हणून त्यांनी एक वही केली होती. नवं घड्याळ दिसलं की प्रत्येकाचं पहिल्या दिवसाचं मत त्यात लिहायचं, खाली त्याची सही घ्यायची आणि बरोबर तीन वर्षांनी ते सगळ्यांसमोर वाचायचं. मधे वही उघडायची नाही. “मंग कळतं आपण किती शहाणे हावोत ते,” असं ते म्हणत.

माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीनं फिरोजी तबकडीचं घड्याळ काढलं. घरात पाहुणे, दारात मांडव, आणि सासरे टीव्हीपुढे. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले तेव्हा ते म्हणत होते, “असला रंग आपल्याकडं पोळ्याला बैलाच्या शिंगाला देतेत!” शेटजींनी तर फुकट दिलं तरी घेणार नाही म्हणून जाहीर केलं. मला हसू फुटलं. नव्या नवरीनं बैठकीत एवढ्या मोठ्यानं हसावं, हे कुणाला आवडलं नाही. मामंजींनी मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

रात्री माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं, सांगितलं, “तुझंही पान आहे वहीत. आज दिवसभर अण्णा सगळ्यांना विचारत फिरत होते, सूनबाई कशी वाटली म्हणून. सह्यासुद्धा घेतल्या.” बाहेरचे काय आणि सुधीर काय, त्यांना अण्णाच म्हणत.

आमचं लग्न दोघांच्या पसंतीचं. माझ्या आजोबांपर्यंत घरी मेंढरं होती, वडिलांचं शहागडला हायवेवर टायरचं दुकान. सासरचे जमीनजुमल्याचे, खानदानी. लग्नाला कुणी आडवं आलं नव्हतं, पण आनंदानं होकारही दिला नव्हता. मामंजी मला ‘अहो सूनबाई’ म्हणत, ‘तुम्ही’ म्हणत. इतक्या अदबीनं वागत, की मला रोज पाहुणी असल्यासारखं वाटे. आपल्याबद्दल हा माणूस काय लिहून बसलाय, हा किडा माझ्या डोक्यात तीन वर्षं वळवळत राहिला. वही घड्याळांच्या कपाटात असायची आणि किल्ली त्यांच्या बनियनच्या खिशात.

गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. एकदा जेवताना आजोबांचा विषय निघाला. मामंजींनी विचारलं, “त्यांच्याकडं घड्याळ व्हतं का?” म्हटलं, “नव्हतं. मेंढरं होती. ऊन डोक्यावर आलं की ती एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात. आजोबा म्हणायचे, झाले बारा, भाकरी सोडा.”

“बराबर बारा?”

“दहा-पाच मिनिटं इकडं तिकडं.”

मामंजी घास हातात धरून विचारात पडले. “आपल्या कंपनीचं घड्याळबी दोन सेकंद चुकतंच रोज,” ते म्हणाले. “मेंढराला दहा मिनिटं माफ हायेत.” दुसऱ्या दिवशी ते शेटजींना हेच फोनवर सांगताना मी ऐकलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी पोळ्या लाटताना मी गाणं म्हणत होते.

तिसऱ्या वर्षीची ती दुपार आली. तोवर फिरोजी घड्याळाचं व्हायचं ते झालं होतं. शेटजी त्यासाठी नाव लावून वर्षभर वाट पाहत होते आणि गुरुजींना तो रंग डोळ्यांना थंडावा देणारा वाटू लागला होता. मामंजींची बहीण, आमच्या आत्याबाई, कुरडया करायला आल्या होत्या. त्यांनाही बोलावून बसवलं. मामंजींनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. शेटजींचं ‘फुकट दिलं तरी घेणार न्हाई’ आलं तेव्हा गुरुजी खुर्चीतून पडायचे राहिले.

मग त्यांनी पान उलटलं. “आता सूनबाईंचं पान.”

मी दाराला टेकून उभी होते.

“आत्याबाई. ‘हिला कुठं आपल्या घरची रीत जमती? हसणं पाहा कसं.’ ”

“मी असं म्हणलेच न्हाई!” आत्याबाई उसळल्या.

“सही हाये तुझी.”

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. याच बाई त्या सकाळी मला म्हणाल्या होत्या, तुझ्याबिगर कुरडयांचा चीक घोटायला कुणी नको. शेवटचं मत मामंजींनी हळू वाचलं, पण सगळं वाचलं. “ ‘बोलते लई. सहा महिन्यांत कंटाळून माहेरी जाईल.’ खाली सही माझी.”

मामंजींनी चष्मा काढला. “चुकलो,” ते म्हणाले. “दोन्ही पानांवर चुकलो.”

माझे डोळे भरून आले. म्हटलं, “मामंजी, खोडून टाका ना ते आता.”

“खोडायचं न्हाई पोरी. खोडलं तर उद्या मी परत शहाणा. चुकलेलं दिसत राहू दे, तुला बी अन् मला बी.”

‘पोरी’ आणि ‘तुला’. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर अहो-जाहो परत कधी आलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर मामंजी गेले. फार दिवस अंथरुणात नव्हते. जाण्याआधी कपाटाची किल्ली त्यांनी सुधीरला दिली नाही, मला दिली.

या उन्हाळ्यात वाटलं, आता कोण येणार? पण त्या दुपारी शेटजी आणि गुरुजी आलेच. मामंजींची खुर्ची सोडून बसले. पडद्यावर कंपनीचं नवं घड्याळ आलं, भगभगीत केशरी तबकडीचं. कुणी काही बोलेना. शेटजी नुसते खाली बघत होते. शिव्या घालणारा माणूसच नव्हता. मला ती शांतता सहन होईना. मी वही आणली, मामंजींच्या खुर्चीत बसले आणि तोंड सोडलं. हे घड्याळ आहे की रंग घातलेली कुरडई, आपल्या कंपनीला झालंय तरी काय, असला रंग शहागडला ट्रकच्या मागे शोभतो, हातावर नाही. किती वेळ बोलत होते कुणास ठाऊक. थांबले तेव्हा गुरुजी हसत होते आणि उपरण्यानं डोळे पुसत होते.

“अण्णांनी तुमच्याबद्दल निम्मं तरी बराबर लिहिलं व्हतं, सूनबाई,” ते म्हणाले. “बोलता लई तुम्ही.”

मी तेही लिहून घेतलं आणि वही सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवली.