डबा उजव्या हँडलला

जिभाऊंच्या प्रत्येक वागण्याला दोन कारणं असायची. एक लोकांना सांगायचं, दुसरं पोटात ठेवायचं. सांगायचं कारण इतकं साधं असे की पुढे विचारायला कुणाची जीभच उचलत नसे. "जिभाऊ, आज टोपी कशी नाही?" "धुवाले टाकी." संपलं. आणि टोपी खरोखरच दोरीवर वाळत असायची, हे विशेष.

जिभाऊ म्हणजे आम्हा खानदेशी लोकांत थोरला भाऊ. गुजराती मुलखातल्या नवागामच्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांचेच जिभाऊ होते, त्यांच्याहून मोठ्या माणसांचेसुद्धा. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये, फोल्डिंग खात्यात, ते आणि मी एकाच टेबलावर साड्यांच्या घड्या घालायचो. मी बाविशीचा, ते पन्नाशीला टेकलेले. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. सकाळी दोघे सायकलवरून बरोबर निघायचो, उधन्यातून पुढे मिलला.

त्यांना एक मुलगा होता. त्याने परजातीच्या मुलीशी लग्न केलं आणि भाऊबंदांनी बैठक घेऊन ठरवलं, जो त्याच्याशी संबंध ठेवील त्याच्याशी कुणी सोयरीक करायची नाही, आणि श्रावणातल्या कानबाईच्या रोटाला त्याला बोलवायचं नाही. रोट म्हणजे आमच्या कानबाई देवीचा प्रसाद. तो फक्त भाऊबंदांनी खायचा, त्यातून नाव गेलं की माणूस संपला. जिभाऊंच्या घरात लग्नाची मुलगी होती. त्या बैठकीत ते उठून म्हणाले, "मले पोऱ्या नही." लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

हा पोऱ्या उधन्यात एका सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहत होता, आमच्या रोजच्या वाटेवर. मला हे कळायला बरेच महिने लागले. जिभाऊ त्या खोलीच्या गॅलरीकडे कधी मान वळवत नसत. फक्त त्यांचा डबा रोज डाव्या हँडलला असायचा आणि एखाद्या दिवशी उजव्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हँडल एकीकडे वढस रे भो." मी हँडल हलवून पाहिलं. खरंच ओढत होतं! जिभाऊंनी नटच ढिला ठेवला असावा.

एकदा असाच डबा उजवीकडे होता. संध्याकाळी मी उधन्याच्या भाजीबाजारात गेलो तर एका टोपलीवर जिभाऊंची बायको वांगी निवडत होती आणि शेजारी तिचा मुलगाही वांगी निवडत होता. दोघांचे डोळे वांग्यांवर. ओठ तेवढे हलत होते. दहा मिनिटांत अर्धा किलो वांगी! भाजीवालीसुद्धा वैतागली. त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. डबा उजव्या हँडलला म्हणजे गॅलरीतल्या मुलाला खूण, आई आज बाजारात येणार.

मी दुसऱ्या दिवशी आडून आडून म्हटलं, "चिठ्ठी पाठवली तर सोपं नाही का?" जिभाऊ घडी मोडू न देता म्हणाले, "कागदले तोंड ऱ्हास. डबाले नही." थोड्या वेळाने आपणहून पुढे बोलले, "झाकेल वस्तू बठ्ठा लोक उघाडीसन देखतस. उघडी वस्तूकडे कोन देखस?" एवढंच. मुलाचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग एका सकाळी त्या गॅलरीतल्या दोरीवर तीन इवलीशी लंगोटं दिसली. जिभाऊंची सायकल अशी झोकांडली की मागचा रिक्षावाला शिव्या देत गेला. दुपारी त्यांनी टेबलावरच्या सगळ्यांना गूळ वाटला. कुणीतरी विचारलंच, कसला गूळ? "बाजारमा बेस भेटना." आजोबा झालेला माणूस आणि आनंद सांगायला गुळाची जात पुढे करत होता. मला त्यांची फार दया आली. पण मीही गूळ खाल्ला आणि म्हणालो, खरंच चांगला आहे हो.

प्लेगच्या वर्षी सगळं विस्कटलं. मिली बंद झाल्या, लोक तोंडाला रुमाल बांधून गावाकडे पळू लागले. जिभाऊंनी बायको आणि मुलीला गाडीत कोंबलं, स्वतः राहिले. मला गाडीत शिरायला जागा मिळेना म्हणून मी तीन दिवस अडकलो. मिल बंद, तरी हा माणूस सकाळी रिकामा डबा अडकवून सायकल काढायचा. मी सोबत जायचो. गॅलरीच्या दाराला कुलूप होतं. लंगोटं दोरीवर तशीच, कुणी काढली नव्हती. पहिल्या दिवशी पाहिली, दुसऱ्या दिवशीही तीच.

"मी विचारून येतो," मी म्हटलं.

"कोनबद्दल?" जिभाऊ म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मात्र ते दुकानापुढे उतरले. सायकल स्टँडला लावायचंही भान राहिलं नाही, ती तशीच आडवी पडली. वरच्या खोलीतली माणसं कुठे गेली, त्यांनी विचारलं. दुकानदाराने रुमालाआडून त्यांनाच विचारलं, "पण तमे कोण?"

आमचे दोन भाऊबंद बोचकी घेऊन स्टेशनाकडे निघाले होते, ते बरोबर तिथेच थबकले. जिभाऊंनी त्यांना पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. एखादं कारण त्यांना सहज सुचलं असतं.

"हुं एनो बाप," ते मोठ्याने म्हणाले. "बाप से मी त्याना!"

बाळाला ताप आला म्हणून ते रातोरात निघून गेले, एवढंच दुकानदाराला ठाऊक होतं. कुठे, ते नाही.

दिवाळीनंतर माणसं परतली आणि बैठक बसली. थोरल्यांनी मला उभं केलं. "तू रोज यांच्याबरोबर जायचास. तुला माहीत होतं?" माझं लग्न तेव्हा जमत आलं होतं. मी म्हणालो, "नाही." जिभाऊंकडे बघायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात त्यांचाच आवाज आला, "त्याले काय इचारतस? तो निस्ता संगे येस. त्याले काहीच माहीत नही."

त्यांचं नाव रोटातून गेलं, मुलीची सोयरीक मोडली. मुलगा त्या खोलीत परत आला नाही. तिथे दुसरं बिऱ्हाड आलं. मी लाजेने पाळी बदलून घेतली. जिभाऊ एकटेच त्या रस्त्याने जायचे. मिलच्या फाटकात भेटले की माझ्या बायकोची खुशाली विचारायचे, जणू काही झालंच नव्हतं. तीन वर्षांनी ते गावी गेले आणि तिकडेच वारले. त्यांच्या तोंडावर मला एक वाक्य बोलायचं होतं, ते राहून गेलं.

मला सगळं माहीत होतं, जिभाऊ.