रंगरावांचे मिटलेले डोळे

रंगरावांना उघड्या डोळ्यांनी खोटं बोलता येत नसे. डोळे मिटून मात्र ते दर मंगळवारी पाऊण तास खोटं बोलायचे, आणि हे फक्त मला माहीत होतं.

राजारामपुरीतल्या एका संमोहनोपचाराच्या दवाखान्यात मी पेशंटची नावं लिहून घेते. शिरोळहून दोन एसट्या बदलून रंगराव पहिल्यांदा आले, तेव्हा जिना चढून दारातच थांबले. उजव्या पायात चप्पल, डाव्या पायाला पट्टी.

"ताई, बिडी सोडवत्यात ते हितंच न्हवं?"

बिडीनं त्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्या होत्या. करंगळी काळी पडली होती. बिडी थांबली नाही तर पाय घोट्यापासून काढावा लागेल, असं सर्जननी सांगितलं होतं. रंगराव ट्रॅक्टर ड्रायव्हर. "डावा पाय गेला तर क्लच कोन दाबनार?" असं म्हणून ते हसले, पण ते हसणं ओठांवरच राहिलं. चार वेळा सोडून चारही वेळा त्यांनी बिडी पुन्हा धरली होती.

आमच्या डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलं, "ही जादू नाही. काहींना उपयोग होतो, काहींना नाही. करून बघू."

दुसऱ्या मंगळवारी रंगराव आतून बाहेर आले, पाणी प्यायले आणि माझ्या टेबलावर वाकून हळूच म्हणाले, "ताई, मला गुंगी-बिंगी काय बी येत न्हाय. पर डॉक्टरसायेब घसा कोरडा हुईस्तवर बोलत हुतं. वाईट वाटलं. म्हनून पडून ऱ्हातो गपगार."

"मग सांगा की त्यांना."

"नगं. आता सांगायचं म्हंजे मानसाचा अपमान हाय."

मीही डॉक्टरांना काही सांगितलं नाही. पण गंमत अशी, की बिड्या कमी होत होत्या. दर खेपेला डॉक्टर आकडा विचारत आणि रंगराव खराच सांगत. वीस, मग अकरा, मग चार. आकडा तरी खरा कशाला सांगता, असं एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "पडून खोटं बोलतोय ते बोलतोय. उठून बसल्यावर बी खोटंच बोलू व्हय?"

तरीही करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. त्यानंतर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. आत जायच्या आधीच, सगळ्या पेशंटांदेखत त्यांनी सांगून टाकलं, "सायेब, बोटं काढली त्या दवाखान्याच्या मागं जाऊन सात वढल्या. आनि दुसरं. मी कवाच झोपलो न्हाय. नुसतं डोळं झाकत हुतो."

डॉक्टरांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "मग वीसच्या चार कशानं झाल्या, रंगराव?"

रंगराव म्हणाले, "घरात बिडीचं नाव निघालं की शिव्याच. बायकू, पोरं, भाऊ, समदी. तुमी पाऊन तास माज्या बिडीवर बोललासा, एकदा बी शिवी दिली न्हाईसा. तेवढ्यासाठी यायचो."

डॉक्टर म्हणाले, "आत या. आज डोळे उघडे ठेवूनच बोलू."

पुढचे तीन महिने ते तसेच बोलले. बिडी सुटली, पाय वाचला. शेवटच्या दिवशी रंगराव काकवीचा डबा घेऊन आले. जिना उतरताना कठड्याला धरून वळले आणि म्हणाले, "संमोहन म्हंजे काय ते मला शेवटपतूर कळलं न्हाय बघा, ताई. पर चांगलं हाय."

माझे पती सिगारेट ओढतात. पाकिटं फेकणं, बोलणं बंद करणं, मुलीची शपथ घालणं, सगळं करून झालं होतं. त्या संध्याकाळी ते गच्चीवर गेले, तशी मीही मागोमाग गेले. मला बघून त्यांनी सिगारेट घाईघाईनं पाठीमागे लपवली. मी शेजारी बसले आणि विचारलं, "पहिली कधी ओढली होती हो तुम्ही?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग सांगायला लागले. सतरा वर्षांच्या संसारात ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. सिगारेट अजून सुटलेली नाही. पण आता ते हात पाठीमागे नेत नाहीत.