बेंबीजवळचे छिद्र

सकाळी देवळाच्या विहिरीवरून विष्णुपंत अभिषेकाची घागर खांद्यावर घेऊन येतात, तेव्हा सोवळ्याच्या वर त्यांच्या पोटावरचा वीतभर व्रण दिसतो. पित्ताशय काढण्यासाठी त्यांचे पोट उघडले होते. माझी तीच शस्त्रक्रिया दुर्बिणीने, चार लहान छिद्रांतून झाली. त्यांनी तीन महिने घागरीला हात लावला नाही. मी मात्र एवढ्याशा जखमेला पथ्य कसले, म्हणून पंधराव्या दिवशीच पाणी भरले. वर्षाच्या आत बेंबीजवळच्या छिद्रापाशी फुगवटा आला. डॉक्टरांनी हर्निया म्हणून सांगितले आणि ओझे वर्ज्य केले.

"शास्त्रीबुवा, तुम्ही आपले रुद्र म्हणा, पाण्याला मी आहे," विष्णुपंत हसून म्हणतात. "छिद्र लहान होते, घाई मोठी."

मी रुद्र म्हणतो. स्वर चुकत नाही. दृष्टी मात्र पिंडीवरून त्या व्रणाकडे वळते. मोठ्या जखमेने त्यांना थांबायला शिकवले, आणि चाळीस वर्षांची माझी पाण्याची सेवा त्यांच्या खांद्यावर गेली. देवासमोर बसून मी एका व्रणाचा मत्सर करतो.

आज त्यांनी घागरीच्या तळाशी तांब्याभर पाणी राखले. "एवढे तुम्ही घाला."

मत्सर ओसरला नाही. तो हलका तांब्या मी दोन्ही हातांनी, भरलेल्या घागरीसारखा उचलला.